पापडवाल्या म्हात्रेबाई

म्हात्रेबाई आमच्या शाळेत पी.टी. घ्यायच्या आणि स्टाफरूममध्ये कुणालाही नावाने हाक मारत नसत. ज्याचा जो विषय, तेच त्याचं नाव. पेणच्या त्या शाळेत मी नवीन लागले तेव्हा पहिल्याच दिवशी मागून आवाज आला, "अहो भूगोल, ती खुर्ची माझी हाय." मी मुकाट्याने उठले आणि तेव्हापासून भूगोलच राहिले. मुख्याध्यापिका संस्कृत शिकवायच्या. त्यांना तोंडावर 'संस्कृत' म्हणायची छाती एकट्या म्हात्रेबाईंची. बाई जाऊन आता वर्ष होत आलं, तरी स्टाफरूममध्ये कुणी मला 'मॅडम' म्हणून हाक मारली की मी पटकन वळत नाही.

दिसायला उंच, काटक, सावळ्या. अंगावर सुती साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. चालणं असं, की पेणच्या बाजारात त्यांच्याबरोबर भाजी घ्यायला जाणं म्हणजे स्पर्धेत उतरणं. याचं कारण त्या माहेरच्या मिठागराला देत. वडील खाडीकडच्या मिठागरात कामाला होते. लहानपणी त्यांचा डबा घेऊन बांधावरून जावं लागे. बांधावर रमतगमत चाललं की पाय घसरून खाऱ्या पाण्यात, म्हणून सरळ बघायचं आणि भराभर चालायचं, असं त्या म्हणत. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईबरोबर राहिल्या, नंतर एकट्या. स्वयंपाक बेताचा यायचा आणि त्याची त्यांना बिलकूल लाज वाटत नसे.

मी शाळेत चांगली रुळले होते तेव्हा बाईंना स्तनाचा कॅन्सर झाला. मुंबईच्या फेऱ्या, ऑपरेशन, केमो, मग रेडिएशनचे शेक, सगळं झालं. आमच्या भागात या आजाराचं नाव कुणी घेत नाही. बाईमाणसाला तो झाला की 'पिशवीचं ऑपरेशन' किंवा नुसतंच 'गाठ होती' असं सांगायची रीत आहे. घरात लग्नाची मुलगी असेल तर तेवढंही नाही. त्यामुळे शाळेत आम्हीही मुलींना काहीबाही सांगितलं होतं. बाई कामावर परत आल्या, डोक्यावर पोरासारखे बारीक केस, आणि पहिल्याच तासाला मैदानावर मुलींची कुजबुज सुरू झाली. बाईंनी शिट्टी मारली. "मला कॅन्सर झाला होता. एक बाजू काढून टाकली. आता केस येतायत. सगळ्यांचं बघून झालं असेल तर दक्ष." मुली दक्षमध्ये उभ्या राहिल्या. संस्कृतना ते अजिबात रुचलं नाही, पालक काय म्हणतील म्हणून त्या आठवडाभर धास्तावल्या होत्या. पालक काही म्हणाले नाहीत. फक्त गावात बाईंचं नाव 'कॅन्सरवाल्या बाई' पडलं.

ब्लाऊजमध्ये काढलेल्या बाजूला भरायला त्यांनी स्वतःच कापडाची पिशवी शिवून त्यात मोहरी भरली होती. वजन बरोबर बसतं म्हणे. एकदा कवायत घेताना ती पिशवी सरकून पोटावर आली. बाईंनी सगळ्या वर्गाला 'पीछे मुड' दिलं, पिशवी जागेवर बसवली आणि परत 'पीछे मुड' देऊन मुलींना समोर घेतलं. हे त्यांनीच स्टाफरूममध्ये येऊन सांगितलं आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसल्या.

पण एकदा मधल्या सुट्टीत आम्ही दोघीच होतो तेव्हा त्यांनी न हसता सांगितलेलं मला जास्त लक्षात आहे. आजारात असताना म्हणे त्यांना एकदाही रडू आलं नव्हतं. रोज कुठे जायचं, काय गिळायचं, कधी टोचून घ्यायचं, सगळं ठरलेलं होतं. माणसं नारळपाणी घेऊन रांगेने येत होती. शेवटचा शेक झाला, डॉक्टर म्हणाले आता तीन महिन्यांनी या, भाच्याने पेढे वाटले, माणसं सुटलो म्हणून आपापल्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पलंगावर उठून बसल्या आणि आता काय करायचं ते त्यांना कळेना. कुठे दुखलं की तेच असेल असं वाटायचं, आणि सांगायचं कुणाला, सगळे तर पेढे खाऊन बसलेले. "भूगोल, बुडताना सगळे दोर टाकतात हो," त्या म्हणाल्या. "काठावर आलं की ओल्या कपड्यानं उभं राहायचं, तिथं कुणी नसतं."

निवृत्त झाल्यावर बाईंनी हेच काम धरलं. पेणपासून रोह्यापर्यंत कुठल्याही बाईचे उपचार संपल्याचं कानावर आलं की बाई तिच्या दारात हजर. उपचार चालू असताना मात्र कितीही बोलावलं तरी जायच्या नाहीत. तेव्हा डॉक्टर आहेत, नर्स आहेत, पाहुणे आहेत, मी कशाला गर्दी करू, असं म्हणायच्या. सगळे पांगले की यांची पाळी.

आता अडचण अशी होती की बाईंचं नाव सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक. त्या कुणाच्या घरी शिरल्या की आळीला कळणार, त्या घरात काय झालंय ते. मग बाईंनी तोड काढली. पेणचे पापड. दोन पिशव्या भरून पापड घ्यायच्या आणि विकणाऱ्या म्हणून जायच्या. शेजारपाजारच्या बायकांनाही विकायच्या, म्हणजे संशय नको. त्यांना पापड लाटता येत नव्हते, पण मूग, उडीद, मिरगुंड यांवर त्या असं बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं यांचा जन्म पोळपाटावर गेला. दुसरा नियम याहून कडक होता. रस्त्यात, लग्नात, बाजारात कुठेही समोरासमोर आलो तरी मी ओळख दाखवणार नाय, असं त्या पहिल्याच भेटीत सांगून टाकत. तुला दाखवायची असेल तर तू दाखव, नाय दाखवलीस तरी मला राग नाय. एका लग्नात मी त्यांच्याबरोबर होते. मांडवात त्यांच्या हाताखालून गेलेल्या निदान चारपाच जणी असाव्यात, आणि एकीनेही वर पाहिलं नाही. मला चीड आली. बाई जिलबी मागून घेत होत्या.

माझी वंदनावहिनी या कामातच त्यांना भेटली.

दादा-वहिनी रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात राहतात. दादा कंपनीत शिफ्टला आणि वहिनीची घरीच खानावळ. कंपनीतली सडाफटिंग पोरं तिच्याकडे जेवायची. आमटी-भात कुठेही मिळतो, पण वहिनीच्या तांदळाच्या भाकरीसाठी पोरं लांबून सायकली हाणत यायची. तव्यावर टम्म फुगायची आणि संध्याकाळपर्यंत मऊ राहायची. वहिनी तशी अबोल. पण रांगेत पोरं जेवायला बसली की तिचा आवाज अंगणात ऐकू यायचा. साताऱ्याहून आलेल्या एका पोराला म्हणायची, 'ए सातारा, भात घे अजून, लाजतोस काय.'

तिला उजव्या बाजूला गाठ निघाली. दादाने कशात काही कमी केलं नाही. पण त्याने दोन गोष्टी केल्या. एक, गावाला पिशवीचं ऑपरेशन सांगितलं, कारण हा आजार ताटातून लागतो असं मानणारी माणसं आहेत, आणि खानावळीत तर वहिनीचा हात प्रत्येक ताटाला लागलेला. आणि दोन, खानावळ बंद केली. काखेतल्या गाठी काढल्यावर त्या हाताला जपायचं असतं. भाजू द्यायचं नाही, कापू द्यायचं नाही, वजन एकदम उचलायचं नाही. दादाने हॉस्पिटलच्या कागदावरचं हे वाचलं आणि मोठी शेगडी माळ्यावर टाकली. उपचार संपल्यावर तर त्याने वहिनीला तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. मोठा टीव्ही आणला. माझा दादा मनाने सोनं आहे, पण त्याला काळजी वाटली की तो माणसाला कपाटात ठेवतो.

मी गेले की वहिनी टीव्हीसमोर. टीव्ही चालू, तिचं लक्ष दुसरीकडे. एकदा हळूच म्हणाली, "पोरं आता कुठं जेवतात गो?" तेवढंच. पण मला कळलं, आणि मी बाईंना सांगितलं.

बाई पापड घेऊन आल्या. आल्या आल्या स्वयंपाकघरात गेल्या, ओटा बघितला, परात बघितली, मग वहिनीला भिंतीसमोर उभं करून उजव्या हाताची बोटं मुंगीसारखी वर चढवायला लावली. जिथे थांबली तिथे पेन्सिलने रेघ मारली. हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपीवालीने दिलेला व्यायामाचा कागद वहिनीने उशीखाली ठेवून दिला होता, तो बाहेर काढला. कंटाळा आला म्हटलं तर बाई पापडाचा भाव सांगायला लागायच्या. वहिनीला हसू यायचं आणि हात वर जायचा.

तपासणीची तारीख जवळ आली की वहिनी जेवण सोडायची. कुठे कळ आली, खोकला आला, की परत आलंच. बाईंनी तिला घाबरू नको असं कधीही म्हटलं नाही. "घाबर ना. मीपण घाबरते. पण पडून नाय घाबरायचं. तांदूळ निवडत घाबर, केर काढत घाबर." वहिनीने त्या महिन्यात एवढे तांदूळ निवडले की दादाला वाटलं हिला काहीतरी वेड लागलं.

तपासणीला बाई बरोबर गेल्या आणि डॉक्टरांना सरळ विचारलं, भाकऱ्या थापलेल्या चालतील काय. डॉक्टर हसले, मग त्यांनी भाकरी कशी करतात ते नीट विचारून घेतलं. थापायला हरकत नाही म्हणाले, थोड्या थोड्या वाढवा. पण गरम उकड मळायची नाही, तव्याजवळ तो हात न्यायचा नाही, मोठं पातेलं उचलायचं नाही, आणि सूज वाटली की थांबायचं. वहिनीचा चेहरा पडला. उकड मळल्याशिवाय भाकरी कुठली, आणि उकड गरम असतानाच मळावी लागते.

घरी आल्यावर बाई दादाकडे वळल्या. "दादा, तुमचे हात रिकामे दिसतात."

दादाने आयुष्यात कधी पिठाला हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी त्याच्या उकडीत एवढ्या गुठळ्या झाल्या की भाकरी तव्यावर भूगोलाचा नकाशा झाली, असं बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. त्याने वैतागून सांगितलं की हिला आरामाची गरज आहे, तुम्ही तिला मारायला निघालात. बाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. "दादा, तुम्ही तिला वाचवलंत. कुणासाठी? टीव्हीसाठी?" दादा मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. मग आत आला आणि परातीसमोर बसला.

महिना-दोन महिने लागले. वहिनी डाव्या हाताने भाकरी तव्यावर टाकायला शिकली. पहिल्यापहिल्यांदा निम्म्या दुमडायच्या. दादाची उकड मात्र उत्तम व्हायला लागली, आणि त्याचा त्याला एवढा गर्व झाला की पाहुण्यांना तो तिच्यावर व्याख्यान देऊ लागला. शेगडी माळ्यावरून खाली आली. पहिल्यापेक्षा निम्मीच पोरं घ्यायची असं ठरलं, त्याहून जास्त झेपणार नाही हे वहिनीने स्वतःच सांगितलं. सातारा परत आला. बाहेर अजूनही पिशवीचंच ऑपरेशन होतं.

ज्या दिवशी खानावळ सुरू झाली त्या दिवशी बाईंना जेवायला बोलावलं होतं. त्या आल्या नाहीत. त्या दिवशीच नाही, नंतरही नाहीत. वहिनीला फार लागलं. मी पेणला त्यांच्याकडे जाऊन भांडले. बाई शांतपणे बुटाला खडू लावत होत्या. मला बघितलं की तिला दुखणं आठवणार, म्हणाल्या, आता तिनं मला विसरायचं, म्हणजे माझं काम झालं. आणि खानावळीत चार माणसं येतात, कुणी ओळखलं तर तिचा धंदा बसेल. मी चहा पिऊन परत आले.

पुढच्या वर्षी खांब गावाला आमच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं. मुलगी माझ्याकडे राहून पेणच्या शाळेत शिकलेली, त्यामुळे पी.टी.च्या बाईंना आमंत्रण होतं. हळदीच्या दुपारच्या जेवणाच्या भाकऱ्या वहिनीकडे होत्या. वहिनी टोपली घेऊन बायकांच्या पंगतीत वाढत होती. टोपली डाव्या हाताला.

बाईंच्या शेजारी गुलाबकाकू बसल्या होत्या. वरशातल्या ज्या चाळीत कंपनीतली पोरं भाड्याने राहतात त्या चाळीच्या या मालकीणबाई. त्या सांगतील तिथे पोरं जेवतात. काकूंनी बाईंना निरखून पाहिलं, पलीकडच्या बाईच्या कानाला लागल्या, आणि मग त्यांनी आपली पत्रावळ उचलली आणि वीतभर लांब सरकवून ठेवली. मी समोरच्या रांगेत होते. बाईंनी पाहिलं. त्यांनी मीठ मागून घेतलं आणि जेवायला लागल्या. हे त्यांना नवीन नव्हतं, आणि तेच मला सहन होईना.

वहिनी त्यांच्यासमोर येऊन थांबली होती. तिनेही पाहिलं होतं. बाईंनी तिच्याकडे बघितलं नाही, फक्त पत्रावळीवर हात धरला, नको म्हणून. वहिनी पुढे सरकली असती तर काहीच बिघडणार नव्हतं. ती उभीच राहिली.

"काकू, पत्रावळ पयल्या जागी ठेवा," ती म्हणाली. "तो आजार मलापण झाला होता. पिशवीचं ऑपरेशन नव्हतं ते. तुमच्या पानातली भाकरी मीच थापलेय."

बाईंनी मान वर केली आणि मैदानावरच्या त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "तुमची काहीतरी गल्लत होतेय. मी तुम्हाला ओळखत नाय."

त्या तिला परत फिरायला वाट करून देत होत्या. अजूनही वहिनी हसून, सारवासारव करून पुढे जाऊ शकली असती.

"मी ओळखते ना पण," वहिनी म्हणाली, आणि खाली वाकून बाईंनी धरलेल्या हातावरच तिने भाकरी ठेवली.

म्हात्रेबाईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी मान खाली घालून भाकरी मोडली. गुलाबकाकू आपल्या पानातल्या भाकरीकडे बघत राहिल्या. पत्रावळ त्यांनी काही परत सरकवली नाही, पण भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवला आणि खाल्ला. "मऊ हाय," एवढंच म्हणाल्या. जेवणं झाल्यावर बाई हात धुवायला गेल्या तेव्हा एक अनोळखी बाई तांब्या घेऊन पुढे आली. तिने बाईंच्या हातावर पाणी घातलं, जरा जास्तच वेळ घातलं, आणि तांब्या ठेवून निघून गेली.

गावात बोललं जायचं ते बोललं गेलं. दोन पोरांनी खानावळ सोडली. एकाने आईने फोनवर सांगितलं म्हणून, एकाने कारण न सांगता. बाकीची पोरं टिकली. साताऱ्याने विचारलं, मावशी, आता बरं हाय ना, आणि वहिनी त्याला म्हणाली, हाय, भात घे.

बाईंना आम्ही शेवटचं पाहिलं ते रोहा स्टेशनवर. वहिनीला तपासणीला जायचं होतं आणि मी तिला न्यायला आले होते. गाडीतून बाई उतरल्या, दोन्ही हातांत पापडांच्या पिशव्या. वहिनीचा चेहरा एकदम फुलला. लग्नानंतर त्यांची गाठ पडलीच नव्हती. तिने हाक मारायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात बाईंच्या मागून एक तरुण मुलगी उतरली. डोक्याला घट्ट रुमाल, भुवया नुकत्याच यायला लागलेल्या. ती सारखी इकडेतिकडे बघत होती, कुणी ओळखीचं दिसतंय का ते. वहिनीने तोंड मिटलं. पदर सारखा केला आणि पलीकडच्या वेळापत्रकाच्या फलकाकडे बघत उभी राहिली. बाई आमच्या इतक्या जवळून गेल्या की पिशवी वहिनीच्या साडीला घासली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. मी हाक मारणार होते, तर वहिनीने माझं मनगट दाबलं. "नको गो. त्या पोरीनं घरी काय सांगितलंय, आपल्याला काय म्हाईत."

त्यानंतर महिन्याभरात बाई गेल्या. कॅन्सर नव्हे, हृदयाचा झटका, झोपेतच. मी वरशाला जाऊन वहिनीला सांगितलं. ती परातीसमोर बसली होती, दादा उकड मळत होता. पुढे एकदा मी तिला विचारलं, त्या दिवशी हाक मारली नाहीस, त्याचं वाईट वाटतं का.

"वाटतं ना," वहिनी म्हणाली. "रोज वाटतं. पण परत तसंच झालं, तरी नाय मारणार."